चाळीस चादरींतली एक

सकाळचे पाच चाळीस. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, घड्या घालायच्या लांब टेबलाच्या टोकाशी ताई उभ्या राहून एक फोल्डर वाचताहेत. मोठ्यानं वाचताहेत, कारण मनात वाचलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, असा त्यांचा अनुभव आहे. हातात लाल पेन्सिल आहे. चौथ्या पानावर त्या थांबल्या, तीच ओळ पुन्हा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताईंचा चष्मा टेबलावर आला की समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं असतं.

समोर त्यांचे धाकटे दीर होते. लाँड्रीची गाडी चालवणं आणि नवी गिऱ्हाइकं आणणं ही दोन कामं त्यांच्याकडे आहेत. पहिलं ते उत्तम करतात.

"भावजी, आज आपण कुठल्या हॉस्पिटलला चाललोय?"

"कुठल्या म्हणजे? पुलापलीकडच्या."

"मग इथे तळाला त्या दुसऱ्याचं नाव कसं?"

दिरांनी वाकून पाहिलं. पाच महिन्यांपूर्वी ज्या हॉस्पिटलनं यांना नकार कळवला होता, त्याचं नाव चौथ्या पानापासून नवव्या पानापर्यंत प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं.

"मागच्या वेळचं राहिलं असेल. तळाची ओळ कोण वाचतं, वहिनी?"

"मी वाचते."

"तुमचं सोडा. तुम्ही औषधाच्या बाटलीतला घडीचा कागदसुद्धा वाचता."

"आणि आज जिथे चाललोय तिथे सगळेच तो वाचतात."

दीर प्रिंटर चालू करायला गेले. जाताना त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य उच्चारलं, "होऊन जाईल." या वाक्यावरून इस्त्रीच्या टेबलावरच्या बायकांनी त्यांचं नाव 'होऊनजाईल' ठेवलं आहे. ताईंचंही एक नाव आहे, दुर्बीण. ते त्यांना माहीत आहे. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. अचूक आहे, म्हणतात.

ताईंचं वय एकोणपन्नास. लग्नाआधी नऊ वर्षं त्या एका मोठ्या हॉटेलच्या कपड्यांच्या कोठारात कामाला होत्या. चारशे खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल त्यांच्या हाताखालून जायचे. तिथली मुख्य बाई गठ्ठ्यातली एक घडी बोटभर बाहेर आली तरी अख्खा गठ्ठा उलटा करून टाकायची आणि काही न बोलता निघून जायची. ताई त्या बाईला नऊ वर्षं शिव्या देत होत्या. आता इस्त्रीवाल्या ताईंना देतात.

सासऱ्यांची लाँड्री तेव्हा दोन हौद आणि एक दोरी एवढीच होती. सून आली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात कुणाचा कपडा कुणाचा हे ओळखायची पद्धत विचारली. सासरे म्हणाले, "मला दिसतं." त्यांना खरंच दिसायचं, पण ते आजारी पडले त्या पंधरवड्यात एका दंतवैद्याचे पांढरे कोट एका न्हाव्याच्या दुकानात गेले आणि न्हाव्यानं ते आठवडाभर घातले. त्यानंतर ताईंनी दोऱ्याची खूण सुरू केली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे तीन टाके. डोळ्यांच्या दवाखान्याचे दोन निळे, एक लाल. हॉटेलचे तिन्ही हिरवे. शाई धुण्यात जाते, चिठ्ठी निघते, टाका राहतो. घडी घालताना मात्र खुणेचा कोपरा आत घ्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात कोरी, स्वच्छ बाजू पडते. हा नियमही ताईंचाच आहे आणि तो मोडला तर काय होतं हे त्या टेबलावरच्या सहाही जणी सांगू शकतात.

आज लाँड्रीत दोन मोठी यंत्रं, एक छोटं यंत्र, रोलरची इस्त्री आणि एक बॉयलर आहे. बॉयलर ताईंचे यजमान बघतात. ते बॉयलरशी बोलतात, माणसांशी लागेल तेवढंच.

निम्मं काम त्या तिन्ही हिरव्या टाक्यांच्या हॉटेलचं आहे. हॉटेलनं गेल्या महिन्यात पत्र पाठवलं: आम्ही स्वतःची यंत्रं बसवतोय, या महिनाअखेरपर्यंतच कपडे पाठवू. म्हणजे पहिल्या तारखेपासून एक मोठं यंत्र बंद आणि टेबलावरच्या सहाजणींतल्या तिघींना काम नाही. कोणत्या तिघी, हे ताईंनी ठरवलेलं नाही. पुलापलीकडच्या हॉस्पिटलचं काम मिळालं तर ठरवावंच लागणार नाही. सहाजणींना हे सगळं माहीत आहे. पत्र आलं त्या दिवशीच ताईंनी ते टेबलावर वाचून दाखवलं होतं, मोठ्यानं.

म्हणून ते नऊ पानी फोल्डर ताई तीन आठवडे दुरुस्त करत होत्या. पहिल्या मसुद्यात धुण्याच्या पाण्याचं तापमान एकाहत्तरऐवजी सतरा अंश पडलं होतं. "सतरा अंशात जंतूंना फार बरं वाटतं," ताई म्हणाल्या होत्या. दुसऱ्या मसुद्यातल्या फोटोत चादरींचा गठ्ठा जमिनीवर ठेवलेला होता. दीर म्हणाले, जमीन पुसलेली होती. तिसऱ्यात गाडी यायची वेळ नेमकी रुग्णांना भेटायच्या वेळेत पडत होती, मळक्या चादरींची ढकलगाडी घेऊन नातेवाइकांच्या गर्दीतून कोण जाणार, हा प्रश्न ताईंनी विचारला तेव्हा दीर म्हणाले, "मी जाईन की." चौथ्यात फोन नंबर नऊ आकडी होता.

"एवढं सगळं कुणी बघत नाही हो, वहिनी. माणूस बघतात."

"माणूस बघितला तर आपलं काम गेलंच."

हे ऐकून टेबलावरची सगळ्यांत जुनी इस्त्रीवाली, जिला सगळ्या मावशी म्हणतात, रोलरवर वाकून हसत राहिली. दिरांचे केस मानेवर रुळतात आणि दोन वर्षांपूर्वी एका पाहुणेघराच्या मालकिणीला नमुन्याच्या टॉवेलवर त्यातलाच एक सापडला होता. तेव्हापासून त्यांना लाँड्रीत टोपी घालावी लागते.

सहा पानं पुन्हा छापून झाली तेव्हा साडेसात झाले होते. ताईंनी ती पुन्हा वाचली. चूक सापडली नाही, म्हणून अजून एकदा वाचली. नमुने त्यांनी आदल्या दुपारीच स्वतः भरले होते: एक चादर, एक अभ्रा, शस्त्रक्रियेच्या खोलीतलं एक हिरवं कापड. तिन्ही लाँड्रीचे स्वतःचे, नमुन्यासाठीच ठेवलेले, बिनखुणेचे. पिशवीची चेन लावून त्यावर कागद चिकटवला होता, 'हात लावू नये'.

दहाला निघाले, साडेदहाची वेळ होती, दहा वीसला पोचले. गाडीतून उतरण्याआधी ताईंनी दिरांची कॉलर नीट केली आणि सांगितलं की तिथे 'होऊन जाईल' म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"काहीच नाही म्हणालात तर फारच बरं."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक लंबगोल टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. टेबलापलीकडे दोघं होती. खरेदी अधिकारी, चाळिशीचे, पेनाचं टोपण सतत काढणारे-लावणारे. आणि मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, साठीला आलेल्या, खुर्चीत पाठ न टेकता बसलेल्या. ताईंनी फोल्डरच्या दोन प्रती दोघांपुढे ठेवल्या. अधिकाऱ्यांनी आपली उघडली. मेट्रननी आपली बंदच ठेवली आणि तिच्यावर चष्म्याची डबी ठेवली.

बारा मिनिटं ताई बोलल्या. पाण्याचं तापमान, स्वच्छ आणि मळक्या कपड्यांच्या वेगळ्या वाटा, गाडीची वेळ, पाऊस किंवा बिघाड असेल तर पर्यायी गाडी. अधिकारी पान उलटत होते आणि मान हलवत होते. मधेच म्हणाले, "हे व्यवस्थित केलंय." दिरांनी वहिनींकडे पाहिलं. ताईंनी पाहिलं नाही.

मग मेट्रन म्हणाल्या, "कापड दाखवा."

पिशवीतून चादर निघाली. शुभ्र होती. मेट्रननी ती टेबलावर टाकली, सबंध उघडली, खिडकीकडे धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला, कापड नाकाशी नेलं. मग त्या कोपऱ्यांकडे वळल्या. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर थांबल्या.

"हे काय आहे?"

दोन निळे टाके, एक लाल.

ताईंनी ते टेबलाच्या अलीकडूनच ओळखलं. त्या काही बोलायच्या आत खरेदी अधिकाऱ्यांना सहावं पान आठवलं. त्यांनी ते उघडलं आणि वाचूनही दाखवलं, कारण वाचण्यासारखंच होतं: "प्रत्येक ग्राहकाच्या कपड्यावर स्वतंत्र रंगीत दोऱ्याची खूण असते. एका ग्राहकाचा कपडा दुसऱ्याच्या हाती कोणत्याही कारणाने जात नाही." 'कोणत्याही कारणाने' हे शब्द ताईंनी दुसऱ्या मसुद्यात स्वतः घातले होते.

"मग ही खूण कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमचीच," दीर म्हणाले. पटकन आणि हसून म्हणाले. "नमुन्यांची खूण. नमुनेही वेगळे ओळखता यावेत ना."

उत्तर चांगलं होतं. अधिकाऱ्यांनी टोपण लावलं, पान उलटलं. मेट्रनचा हात कोपऱ्यावरच होता. ताईंनी गप्प बसायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "नमुन्यांना खूण नसते. ही दुसऱ्या एका दवाखान्याची आहे."

दिरांच्या तोंडून "वहिनी" एवढंच निघालं.

"कुठल्या?" मेट्रननी विचारलं.

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे उद्या आमचीही चादर अशीच कुणाच्या टेबलावर पसरलेली असेल."

"पानावर लिहिलंय की नसेल. आज झालंय, हे तुमच्या समोर आहे. मी काय सांगणार?"

अधिकाऱ्यांनी फोल्डर मिटलं. "बरं. आम्ही कळवतो." हे वाक्य ताईंनी अनेक टेबलांवर ऐकलेलं आहे. त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. मेट्रननी दुसरी दोन टोकं धरली, सवयीनं.

"ही आता कुठे जाणार?"

"पुन्हा धुवायला. इथे उघडली, हात लागले. त्यांच्या चाळीस चादरी चारला पोचवायच्या आहेत, त्यातली आहे ही."

"आता अकरा वाजून गेले."

"छोट्या यंत्रात एकटी टाकू."

मेट्रननी आपल्याकडची दोन टोकं ताईंच्या हातात दिली.

गाडी पुलावर आली. मग दिरांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नमुन्याच्या चादरीवर घडीच्या रेषेत पिवळट पट्टा उमटला होता. ताईंनी ती दुपारी ट्यूबलाइटच्या उजेडात भरली, म्हणून त्यांना दिसला नाही. आज निघताना, पिशवीचा कागद काढून, शेवटची एक नजर टाकावी म्हणून त्यांनी उन्हात पाहिलं तर पट्टा ढळढळीत. मग तयार गठ्ठ्यातली सगळ्यांत पांढरी काढून घातली. खूण आत घडी केलेली, दिसणार कशी?

"तुम्हीच तर सांगता, बारकाईनं बघा. बघितलं."

ताईंनी डोळे मिटले. वीस वर्षांत या माणसानं पहिल्यांदा एक बारीक गोष्ट आपणहून पाहिली होती, आणि बरोबर पाहिली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही फोल्डर वाचत होता. मधे बोललं की ओरडता."

हेही खरं होतं. नऊ पानं चार वेळा वाचून झाली होती आणि पिशवी पुन्हा एकदाही उघडली नव्हती.

"पण तुम्ही गप्प बसला असता तर काम आपलं होतं, वहिनी. तो माणूस पान उलटत होता."

"आणि पुढे? दर नमुन्यावर दोन निळे, एक लाल घालत बसायचं? त्या बाई महिन्यानं येऊन बघणार, तेव्हा नमुन्याची कपाटं दाखवायची? कोणाला काय सांगितलंय ते लक्षात कोण ठेवणार, तुम्ही?"

दिरांनी गिअर बदलला. "नाही," म्हणाले. "ते मला नाही जमणार."

लाँड्रीत पोचल्यावर यजमानांनी एकटी चादर छोट्या यंत्रात जाताना पाहिली. "एका चादरीला एवढं पाणी?" म्हणाले. ताईंनी चष्मा काढायला हात वर नेला तेव्हा ते बॉयलरकडे परतले. सहाजणींचे हात घड्यांवर चालू होते. ताईंनीच सांगितलं, उभ्या उभ्या, काय झालं ते क्रमानं. चादर कुणी बदलली हे सांगितलं, पट्टा कुणाला दिसला नव्हता हेही सांगितलं. मावशींनी रोलर थांबवला, ऐकून घेतलं आणि पुन्हा चालू केला. "खोटं बोलायचं तर आधी ठरवून जावं," एवढंच म्हणाल्या. "एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो. लग्नाची बोलणी फिसकटतात ती अशीच."

तीन पन्नासला चाळीस चादरी डोळ्यांच्या दवाखान्यात पोचल्या. ताईंनी तिथल्या कपडे सांभाळणाऱ्या बाईंना फोन करून सांगितलं की तुमची एक चादर आज चुकून बाहेर नेली गेली होती, पुन्हा धुऊन पाठवली आहे.

"अहो, मग हे मला कशाला सांगताय?" त्या बाई वैतागून म्हणाल्या. "आता मला ते वहीत लिहावं लागणार."

पाचला दहा मिनिटं कमी असताना लाँड्रीचा फोन वाजला. खरेदी अधिकारी नव्हते, मेट्रन होत्या.

"ती चादर पोचली?"

"तीन पन्नासला. चाळीस पूर्ण."

"पर्चेसवाले नाही म्हणालेत. वॉर्डचं काम दुसऱ्यांना दिलंय, उद्या तसं पत्र येईल तुम्हाला."

"बरं."

"फिजिओथेरपीचे टॉवेल त्यांच्याकडे नाहीत, माझ्या सहीवर आहेत. उद्यापासून रोज तीनशे. एक महिना बघते. बाहेर पडणारा प्रत्येक गठ्ठा आधी उघडून बघायचा. घडीच्या आत काय आहे ते मला बघावं लागता कामा नये."

"नाही लागणार."

"आणि ते फोल्डर कुणी केलं?"

"मी."

"पर्चेसवाले चांगलं आहे म्हणत होते. मी वाचलं नाही."

ताईंनी फोन ठेवला आणि कागदावर हिशेब मांडला, हातांचा. टॉवेलला इस्त्री नसते. झटकायचे, घड्या घालायच्या, मोजायचे, आणि आता उघडून बघायचे. दीड बाईचं काम. हॉटेल गेल्यावर उरतं ते तिघींचं. एकूण साडेचार. टेबलावर सहा. त्यांनी ते तसंच वाचून दाखवलं.

"दीड म्हणजे?" टेबलाच्या टोकाची सगळ्यांत नवी इस्त्रीवाली म्हणाली. "आमच्यातली अर्धी कोणती?"

कुणी हसलं, कुणी नाही. तिला लागूनच उभ्या असलेल्या दोघी अभ्रे रचत राहिल्या. जायची वेळ आली तर आपण, हे त्या महिनाभर धरून चालल्या आहेत. मावशी म्हणाल्या की अर्धी-बिर्धी काही नाही, सहाजणी आहेत, आठवड्याचे दिवस सहा आहेत, प्रत्येकीनं दीड दिवस घरी बसावं. एकीला ते पटलं नाही. तिला दीड दिवस कमी झेपणार नाही, आणि तिनं ते स्पष्ट सांगितलं. दुसरी म्हणाली, तुला नाही झेपत म्हणून मी पूर्ण घरी बसू का. बोलणं वाढलं. रोलर थांबला, वाफ जात राहिली आणि आतून यजमानांनी, दिवसातल्या दुसऱ्या वाक्यात, बॉयलर कुणासाठी पेटवलाय असं विचारलं.

ताईंनी पट्टी घेऊन कागदावर रकाने आखले. पहिल्या तारखेपासून सहा नावं, सहा दिवस, दर दिवशी कोण घरी. दीड दिवस कसा पाडायचा यावर पुन्हा वाद झाला, पण कागद भिंतीवर लागला. ज्या बाईला पटलं नव्हतं तिनं आपल्या नावापुढचे घरी राहायचे रकाने मोजले, शेजारणीचे मोजले, आणि सारखेच आहेत हे बघून पुन्हा कामाला लागली. महिन्यानंतर मेट्रननी टॉवेलही काढून घेतले तर कागद उतरेल. ताईंनी तेही सांगितलं.

दीर दारात उभे होते. टोपी घातलेली होती.

"वहिनी, उद्या टॉवेल उचलायला मी एकटा जातो. होऊन—" एवढ्यावर ते थांबले.

"तीनशे मोजायचे आहेत. तिथल्या माणसासमोर, मोठ्यानं."

"मोजतो."

"उचलताना दोनशे नव्वदच असले आणि ते मोजले नाहीत, तर परत देताना ते दहा आपल्याकडून हरवलेले असतील."

"मोजतो म्हटलं ना."

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. मावशींना विचारलं, सकाळी लवकर येता येईल का. मावशी म्हणाल्या, येईन, पण पुढच्या सीटवर मी बसणार.

हॉस्पिटलचं मागचं दार साडेसहाला उघडतं. उद्या गाडी सहा पाचला निघेल; दीर चालवतील आणि टॉवेल मावशी मोजतील.